गवत कापणारी बाई अभ्यासक्रमात कुठे आहे?

"ताई, आम्ही मुलांना नेपाळला नेतोय. चितवनला. वन्यजीव संवर्धनाची अभ्याससहल आहे. मुलींबरोबर एक लेडीज लागते, तुम्ही याल का?"

ओळखीच्या प्राध्यापकांचा हा फोन आला तेव्हा खरं सांगायचं तर मला रागच आला. एम.एस.डब्ल्यू. होऊन बारा वर्षं वस्त्यांमधून काम केलं, आणि बोलावणं आलं ते 'सोबतीला लेडीज' म्हणून! पण मग वाटलं, मी नाही म्हटलं तर होस्टेलच्या रेक्टरबाई जातील आणि नऊच्या ठोक्याला मुलींच्या खोल्यांना कडी घालतील. त्यापेक्षा आपण गेलेलं बरं. शिवाय चितवन मी पाहिलेलं नव्हतं, हेही कबूल करते.

पर्यावरणशास्त्राच्या त्या वर्गात ४१ विद्यार्थी होते, त्यांपैकी २७ मुली. सहलीला निघालेल्यांत मुली फक्त ९. हा आकडा ऐकून मी प्राध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "सहल ऐच्छिक आहे हो, आपण सक्ती करत नाही." ऐच्छिक खरी, पण सहलीच्या अहवालाला प्रकल्पाचे २५ गुण होते. जे येणार नाहीत त्यांनी गावाबाहेरच्या तलावाचा अहवाल लिहायचा होता. माणशी खर्च २२ हजार. ज्या १८ मुली आल्या नाहीत त्यांच्यापैकी बऱ्याचजणींशी मी निघण्याआधी बोलले. पैसा हे कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. एकीचं लग्नाचं बघत होते. एकीच्या वडिलांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "बरोबर मुलगे किती आहेत?" दोघींची पाळी नेमकी त्याच तारखांना येणार होती आणि जंगलात पाच-सहा तास चालायचं म्हटल्यावर त्यांनी नावंच दिली नव्हती. हे त्या सरांना कशा सांगणार? त्यांनी सरांना सांगितलं, "घरी कार्य आहे."

सगळे बाप सारखे नसतात हेही लिहायला हवं. एका रिक्षावाल्या वडिलांनी मुलीसाठी कर्ज काढलं होतं. स्टेशनवर गाडी हलता हलता त्यांनी तिच्या हातात एक शिट्टी दिली. "गेंडा आला तर वाजव," म्हणाले. डब्यात सगळी पोरं हसली. ती शिट्टी तिने परत येईपर्यंत गळ्यात घातलेली होती.

न आलेल्या मुलींमध्ये एक चंद्रपूरकडची होती, ताडोब्याच्या बाजूच्या गावातली. आई मोहफुलं वेचते, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जाते. पोरगी हुशार आणि जिभेने तिखट. मी म्हटलं, पैशांची आपण काही तजवीज करू. तर म्हणाली, "ताई, वाघ आमच्या घरामागं येतो. तो बघायला पैसे भरून नेपाळला कशाला जाऊ?" सगळे हसले, तीही हसली. मग हळूच म्हणाली, "पण जायचं होतं."

दिवाळीनंतरची गर्दी, छटपूजेला गावी निघालेली माणसं दरवाज्यापर्यंत उभी, अशा गाडीने आम्ही गोरखपूरला पोहोचलो आणि तिथून सोनौलीला. सीमा आम्ही पायीच ओलांडली. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरतो. कमानीखालून पलीकडे गेल्यावर एक मुलगी परत मागे आली आणि पुन्हा पुढे गेली. "दोनदा परदेशात गेले," म्हणाली. त्याच ठिकाणी उलट्या दिशेने येणाऱ्या नेपाळी मुलींना तिथल्या संस्थांच्या कार्यकर्त्या थांबवून विचारपूस करतात, कारण हा मुलींच्या विक्रीचाही रस्ता आहे. ते काम गरजेचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण काळजीच्या नावाखाली काय काय होऊ शकतं तेही याच देशाने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नेपाळच्या इमिग्रेशन विभागाने प्रस्ताव आणला होता की चाळिशीच्या आतल्या बाईला पहिल्यांदा एकटीने आखातात किंवा आफ्रिकेत जायचं असेल तर कुटुंबाची आणि वॉर्ड कार्यालयाची संमती हवी. काठमांडूच्या रस्त्यावर बायका उतरल्या. हे मी आमच्या मुलींना बसमध्ये सांगितलं, तेव्हा मागून आवाज आला, "आमच्याकडे प्रस्ताव पण आणावा लागत नाही."

आता चितवनविषयी. १९७३ मध्ये ते नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. त्याचं यश मोठं आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. मलेरिया हटल्यावर डोंगरातून माणसं खाली आली, जंगल तुटलं, शिकार वाढली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे शंभराहून कमी गेंडे उरले होते. २०२१ च्या गणनेत साऱ्या नेपाळात ७५२ गेंडे मोजले गेले, त्यांतले ६९४ एकट्या चितवनमध्ये. नेपाळातले वाघ २००९ मध्ये १२१ होते, ते २०२२ मध्ये ३५५ झाले. आमच्या मुलांनी नावेतून जाताना राप्तीच्या काठाशी गेंडा पाहिला. पाण्यात उभा राहून तो पाणवनस्पती खात होता आणि मोठ्याने फुरफुरत होता. त्या क्षणी मीही गप्प झाले होते.

पण या यशाची गोष्ट कशी सांगितली जाते ते पाहा. व्याख्यानात आलं की स्थानिक लोकांच्या गरजांमुळे जंगल धोक्यात आलं, मग कायदा आला, १९७५ पासून लष्कर तैनात झालं आणि प्राणी वाचले. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याच भागात शिकारीला आला आणि काही दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले, ते 'स्थानिक गरजां'मध्ये बसत नाही. त्याला इतिहास म्हणतात. ज्या थारू, बोटे, माझी, मुसहर लोकांनी मलेरियाच्या दिवसांतही तिथे राहून शेती केली, मासे धरले, गवताने घरं शाकारली, त्यांना मात्र एका कायद्याने घुसखोर ठरवलं. अलीकडचीच गोष्ट आहे. १८ जुलै २०२०, ऐन पावसाळा, त्यात कोरोनाचे दिवस. उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी कुसुमखोला इथल्या दहा चेपांग कुटुंबांना बाहेर काढलं. दोन घरं जाळली, आठ घरं हत्ती लावून पाडली. सात दिवसांच्या आमच्या वेळापत्रकात या घटनेला एक मिनिटही नव्हतं.

वेळापत्रकात काय होतं? हत्तींचं प्रजनन केंद्र, पक्षी ओळखणं, पाऊलठसे, कॅमेरा बसवण्याचं प्रात्यक्षिक, आणि संध्याकाळी थारू नाच. बायका दिसल्या त्या नाचात दिसल्या, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात दिसल्या आणि संग्रहालयात मातीच्या पुतळ्यांत दिसल्या.

आणखी एका ठिकाणी दिसल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही गावाच्या जंगलातल्या पायवाटेने एका ओळीत चालत होतो. समोरून गवताचे भारे आले. भारे एवढे मोठे की खालची बाई दिसायचीच नाही, फक्त पावलं दिसत. आमची मुलं बाजूला झाली. दोघा-तिघांनी फोटो काढले. वाटाड्या म्हणाला, "यांच्यामुळे हरणांना चारा उरत नाही," आणि पुढे एका झाडावरचं धनेशाचं घरटं दाखवू लागला. भारे निघून गेले. वह्यांमध्ये धनेशाची नोंद झाली.

त्या संध्याकाळी नाचाचं तिकीट काढलेलं असूनही मी आणि चार मुली नाचाला गेलो नाही. भारे उतरवून त्या बायका जिथे बसतात त्या वडाच्या पाराशी गेलो. भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं, पण त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा बरं होतं. एकीचा नवरा मलेशियात, एकीचा दोहाला, तिसरीचा आपल्याच मुंबईत वॉचमन. गावात उरलेत म्हातारे, पोरं आणि बाया. म्हशी बायांनीच बघायच्या, रात्री मचाणावर बसून धान राखायलाही बायाच. गेंडा शेतात शिरला तर पत्रा वाजवायचा, तेवढंच हातात. नुकसानभरपाई मिळते, पण अर्जाला जमिनीचे कागद लागतात, कागद नवऱ्याच्या नावावर आणि नवरा क्वालालंपूरला.

पूर्वी उद्यान दर हिवाळ्यात काही दिवस लोकांना खर, म्हणजे शाकारणीचं गवत, कापायला उघडायचं. ते दिवस वर्षानुवर्षं कमी होत गेले. त्यातली सर्वांत वयस्कर बाई त्या दिवसांबद्दल बोलली तेव्हा तिचा सूरच बदलला. आपल्याकडच्या जत्रेबद्दल म्हाताऱ्या बायका बोलतात तसा. सगळ्या गावच्या बाया एकत्र, भाकरी बांधून घ्यायच्या, नदी ओलांडायची, गाणी म्हणायची. माहेरच्या मैत्रिणी तिथेच भेटायच्या.

आमच्या एका मुलीने विचारलं, वनसमितीत तुम्ही आहात का? तिने बोट वर केलं. "नाव मेरा है, सही मेरी है. बोलते वो लोग हैं." मग तिनेच आम्हाला विचारलं की तुम्ही इथे यायला किती पैसे भरले. मुलींनी आकडा सांगितला. नेपाळी रुपयांत त्याचे दीडपटीहून जास्त होतात. बायका एकमेकींकडे बघून एवढ्या हसल्या की आम्हाला कुठे बघावं कळेना.

समितीबद्दल ती जे म्हणाली ते तिच्या एकटीचं गाऱ्हाणं नव्हे. नेपाळचं सामुदायिक वनीकरण जगभर नावाजलं जातं. १९९३ च्या वन कायद्याने गावांच्या उपभोक्ता गटांना जंगलं सोपवली आणि २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी कार्यकारी समितीत निम्म्या बायका हव्यात असं सांगितलं. आपल्याकडे वनहक्क समितीत एक तृतीयांशावर आपण थांबलो आहोत, तेव्हा हे पाऊल पुढचंच म्हणायचं. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी नेपाळ आणि गुजरातमधल्या वनसमित्यांचा कित्येक वर्षं अभ्यास करून २०१० मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: समितीत बायकांची संख्या पाव ते एक तृतीयांश झाली की त्या बोलायला लागतात. एक-दोघी असतील तर कोपऱ्यात बसतात. नेपाळात ज्या समित्या केवळ बायकांच्या होत्या त्यांना लहान आणि जास्त उजाड जंगलं वाट्याला आली होती, आणि तरीही त्यांच्या जंगलांची सुधारणा अधिक झाली. म्हणजे गवत कापणाऱ्या बाईला जंगल राखता येत नाही हे वाटाड्याचं म्हणणं अभ्यासाला धरून नाही. हे पुस्तक आमच्या सहलीच्या वाचनयादीत नव्हतं. यादीत नऊ पुस्तकं प्राण्यांची होती.

कॅमेऱ्याची गोष्ट राहिली. पाचव्या दिवशी मुलांना झाडाला कॅमेरा कसा बांधायचा, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेच्या कडेला, हे शिकवलं. हालचाल झाली की तो आपोआप फोटो काढतो. मुलं रंगून गेली होती, आणि ते शिकण्यासारखं आहेच. मी शिकवणाऱ्या तरुणाला विचारलं, वाटेने बायका गेल्या तर? तो म्हणाला, "ते फोटो आम्ही डिलीट करतो." त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण आपल्या उत्तराखंडात कॉर्बेटच्या आसपास काय झालं ते मी मुलांना त्या रात्री जेवणानंतर सांगितलं. केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकाने तिथे चौदा महिने राहून २७० गावकऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. जंगलात शौचाला बसलेल्या एका ऑटिस्टिक बाईचा फोटो २०१७ मध्ये अशाच कॅमेऱ्यात आला आणि वनखात्याच्या हंगामी कामगारांनी तो गावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरवला. चिडलेल्या लोकांनी कॅमेरे फोडले. त्याहून मला जास्त लागलं ते वेगळंच. तिथल्या बायका जंगलात मोठ्याने गात, बोलत जातात, म्हणजे जनावर बाजूला होतं. कॅमेरे लागल्यापासून त्या दबकून, आवाज न करता जाऊ लागल्या आणि नेहमीची वाट सोडून आडबाजूला शिरू लागल्या. संशोधकाशी याबद्दल बोललेल्या एका बाईला पुढे वाघाने मारलं.

जेवणघरात शांतता झाली. मग एक मुलगा म्हणाला, "मॅम, पण कॅमेऱ्याशिवाय वाघ मोजणार कसे?" रास्त प्रश्न होता. अर्धा तास वाद झाला: कुठे बांधायचा, कुणाला विचारून बांधायचा, फोटो कुणाच्या हातात जाणार, पाटी लावायची का. गावातल्या बायकांना विचारून जागा ठरवाव्यात असं शेवटी त्याच मुलाने सुचवलं. सात दिवसांत मुलांनी खरा अभ्यास केला असं मला वाटलं तो हा अर्धा तास. आणि तो वेळापत्रकाबाहेर होता.

परदेशी सहलीच बंद करा असं मी म्हणत नाही. जवळ मेळघाट असताना नेपाळ कशाला, असं आपल्या बैठकीत काहीजणी म्हणाल्या, आणि महाविद्यालयाला मूल्यांकन समितीपुढे 'आंतरराष्ट्रीय' असं काहीतरी दाखवायचं असतं हेही खरं आहे. पण आपल्याच जंगलात गेलं की आपण सरकारी पाहुणे होतो, वनरक्षक सांगेल ते बघतो. परक्या मुलखात प्रश्न विचारायला जीभ जरा सुटते. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा असं २००६ चा आपला कायदा म्हणतो, हे आमच्या मुलींना त्या पारावर आठवलं. वर्गात त्यांनी ते पाठ केलं होतं. मलेशियातल्या नवऱ्याच्या नावचे कागद ऐकल्यावर त्याचा अर्थ लागला. म्हणून तर माझं भांडण आहे ते १८ मुली मागे राहण्याशी.

'जबाबदारी कोण घेणार' हे प्राचार्यांचं नेहमीचं उत्तर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविषयक विनियमांत 'आवार' या शब्दाच्या व्याख्येत अभ्याससहली, क्षेत्रभेटी आणि त्यासाठीचा प्रवासही येतो. म्हणजे जबाबदारी आहेच. ती घ्यायची की नाही हा पर्यायच नाही. आणि ती मुलींना मागे ठेवून किंवा एक 'लेडीज' बरोबर नेऊन पुरी होत नाही. तक्रार कुणाकडे करायची, तिथला फोन कुठला, हे निघण्याआधी सर्वांना, मुलग्यांनाही, सांगावं लागतं. आमच्या सहलीत ते सांगितलं नव्हतं. मीही आग्रह धरला नाही, ही माझी चूक. गाडीत एका मुलीला शेजारच्या प्रवाशाचा त्रास झाला तेव्हा ती मला सांगायला आली, पण दुसऱ्या दिवशी आली. रात्रभर ती वरच्या बर्थवर पाय पोटाशी घेऊन बसून होती.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरीजणी महाविद्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसतात. वर्षाकाठी दोन बैठका, चहा, सही. त्या बैठकीत सहलींचा आराखडा मागता येतो. किती मुली वर्गात, किती सहलीला, न येणाऱ्यांचे गुण कसे देणार, पैशांची सोय काय, चालताना संडासाची सोय कुठे आणि पाळी असलेल्या मुलीने काय करायचं, हे विचारता येतं. गावातल्या बायकांशी बोलण्यासाठी एक अख्खा दिवस ठेवला आहे का आणि त्यांच्या त्या दिवसाच्या मजुरीचं काय, हेही. आपण कधी विचारलेलं नाही. पर्यावरण हा शहरी, सुखवस्तू पोरांचा विषय असं आपल्यातल्या अनेकजणींना अजून वाटतं. मलाही वाटायचं.

परत आल्यावर विभागात सादरीकरण झालं. पडद्यावर गेंडे, धनेश, सूर्यास्त, नावा. गवताच्या भाऱ्यांचा एक फोटो आला, खाली लिहिलं होतं 'स्थानिक जीवन'. चंद्रपूरची ती मुलगी मागच्या बाकावर तलावाचा अहवाल घेऊन बसली होती. १० मे २०२५ ला तिच्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. तिची आईही त्याच कामाला जाते. प्रश्न विचारा म्हटल्यावर तिने हात वर केला.

"या बाया गवताला किती वाजता जातात?"

पडद्यासमोरचे तिघे एकमेकांकडे बघू लागले. सर म्हणाले, सकाळी जात असतील. ती म्हणाली, "सकाळी म्हणजे किती वाजता, सर? अंधार असतो का? एकट्या जातात की मिळून? वाघ कधी फिरतो ते तुम्ही तासातासाने लिहिलंय, म्हणून विचारलं."

शिट्टीवाली मुलगी उठली. ती त्या संध्याकाळी पारावर आमच्याबरोबर होती. "पाचला निघतात," ती म्हणाली. "मिळून. आणि जाताना गातात." मग तिने वही उघडली आणि जे काही लिहून आणलं होतं ते उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. सरांनी प्रोजेक्टर बंद करायला सांगितला.